कवयित्री सापडल्या नाहीत

चेन्नईतल्या अड्यारच्या विद्युलता राव यांनी एक गाणं लिहिलं, ही त्यांची पहिली चूक. ते स्वतःच्या डोक्यानं लिहिलं, ही दुसरी. आणि ते लोकगीत म्हणून गाण्याची रीतसर परवानगी मागितली, ही तिसरी. परवानगी मागेपर्यंत पहिल्या दोन कुणाच्या लक्षातही आल्या नव्हत्या.

विद्युलता आठवड्याचे पाच दिवस सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायची आणि उरलेले दोन दिवस गिटार घेऊन घरच्या तंजावरी मराठीत गाणी करायची. सात वर्षं कॉफीच्या दुकानांत, मित्रांच्या गच्च्यांवर आणि एकदा तर टी. नगरात साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनालाही गाऊन झाल्यावर तिचा पहिला अल्बम तयार झाला. दहा गाणी. त्यातलं तिसरं वडिलांवरचं. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, आणि विमा कचेरीत कारकुनी करणारे अप्पाजी रोज सकाळी कामावर जाण्याआधी लेकीची वेणी घालायला शिकले. वेणी एक दिवसही सरळ आली नाही. गाण्याचं धृपद एवढंच होतं:

‘वाकडी वेणी घातली अप्पानं,
सरळ निघालें शाळेला.’

अप्पाजी आता बहात्तर वर्षांचे. कॉफीच्या दुकानात ते गाणं ऐकायला जात नसत, कारण तिथं लोक गाणं चालू असताना खातात. डिसेंबरच्या संगीत हंगामात, खऱ्या रंगमंचासमोर, हातात छापील कार्यक्रमपत्रिका घेऊन आपलं गाणं ऐकावं, एवढी त्यांची इच्छा होती. विद्युलतानं मनावर घेतलं. शोधता शोधता तिला कळलं, की लोकसंगीत जतन परिषदेकडे डिसेंबरातली एक संध्याकाळ रिकामी आहे.

परिषदेचे कार्यकारी अधिकारी राघोत्तम हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“रकाना सात,” ते म्हणाले. “कवीचं नाव. इथं तुम्ही तुमचंच लिहिलंत.”

“गाणं मीच लिहिलंय ना.”

“लोकगीताचा कवी अज्ञात लागतो अम्मा. नियम चार.”

“पण मी तुमच्यासमोर बसलेय!”

“तीच तर अडचण. पोस्टानं पाठवला असतात अर्ज, तर काही करता आलं असतं.”

“मग भावगीत विभागात घाला.”

“तिथं कवी चालतो, पण तो नामवंत लागतो. नामवंत असल्याचा दाखला आम्हीच देतो आणि यंदाचे दाखले देऊन झालेत.” राघोत्तमांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच मदत करायची होती. “तुम्ही अज्ञातच आहात की. फक्त लेखी नाही, एवढंच.”

लेखी होण्यासाठी शोध घ्यावा लागतो. परिषदेच्या फळ्यावर तीस दिवस सूचना लागली: ‘खालील गीताच्या कवीने अथवा कवयित्रीने कार्यालयीन वेळेत हजर व्हावे.’ त्या महिन्यात विद्युलताला सह्यांसाठी चार वेळा कार्यालयात यावं लागलं. राघोत्तमांनी तिला मागच्या जिन्यानं येण्याची विनंती केली, म्हणजे ती हजर झाली असं होणार नाही. एकतिसाव्या दिवशी अहवाल तयार झाला. ‘कसून शोध घेतला. कवयित्री सापडल्या नाहीत.’ खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. एक राघोत्तमांनी केली, दुसरी विद्युलतानं.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. अप्पाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, “नाव नोको कन्ना. गाण्यात मी आहे की. तेवढं पुरे.”

पुढचा नियम तीन पिढ्यांचा. गाणं तीन पिढ्यांच्या तोंडी आहे हे सिद्ध व्हायला हवं. विद्युलता एक पिढी, अप्पाजी दुसरी. तिसरीसाठी अप्पाजींच्या मावशी, कृष्णवेणीबाई, वय वर्षं सत्त्याऐंशी, यांना विद्युलतानं आठवडाभर बसून गाणं शिकवलं. दाखल्यावर ‘कृष्णवेणीबाईंकडून परंपरेने प्राप्त’ असं आधीच टाइप करून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी परिषदेच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण सुरू झालं. कृष्णवेणीबाईंनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात गायल्या, “वाकडी वेणी घातली अम्मानं...”

“आज्जी, अप्पानं!” विद्युलता कुजबुजली.

“वेडी की काय तू? अप्पा कुठं वेणी घालतो? अस्क्या, सगळ्या पोरींची वेणी अम्माच घालती!”

राघोत्तमांचा चेहरा उजळला. त्यांच्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच एका गाण्याचे दोन पाठ सापडले होते. नियम अकरानुसार पाठभेद आढळल्यास सर्वांत वयस्क गायिकेचा पाठ प्रमाण. विद्युलतानं हात जोडले, कवयित्री आपणच असल्याचं सांगितलं. राघोत्तमांनी हळहळून अहवाल दाखवला. कवयित्री सापडल्या नसल्याबद्दल तिचीच सही होती.

प्रकरण परिषदेचे भाषातज्ज्ञ पुरुषोत्तम यांच्याकडे गेलं. ते पुण्याहून येऊन तीस वर्षं चेन्नईत राहिलेले, शुद्धलेखनाला देव मानणारे. त्यांचा अभिप्राय दोन पानी आला. गीत सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचं असून ‘अम्मा’ हाच मूळ पाठ होय. ‘अप्पा’ हा अलीकडे घुसलेला दोष, बहुधा गायिकेला परंपरेची जाण नसल्यामुळे. गिटारला त्यांची हरकत नव्हती. ते ‘तंतुवाद्य, उगम अज्ञात’ म्हणून मंजूर झालं.

अप्पाजींनी दोन्ही पानं वाचली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

“बरोबरच लिहिलंय त्यांनी,” ते म्हणाले. “मी कुठं नीट घालत होतों?”

आपलं नाव गेलं तेव्हा विद्युलता हसली होती. आता मात्र नाही. तिला राघोत्तमांचा, पुरुषोत्तमांचा, मावशीआज्जीचा आणि सगळ्यात जास्त त्या साक्षीदाराच्या सहीचा संताप आला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. अप्पाजी नवी वेष्टी नेसून तिसऱ्या रांगेत बसले. पत्रिकेत छापलं होतं: ‘गीत तिसरे. कवी अज्ञात. काळ अंदाजे १७७०.’ विद्युलतानं पहिली दोन जुनी लोकगीतं गायली, तिसऱ्याआधी ती पाणी प्यायली आणि गायली, “वाकडी वेणी घातली अप्पानं.” पुन्हा गायली. मग तिसऱ्यांदाही गायली, पुरुषोत्तमांकडे बघत. अप्पाजींनी पत्रिका चेहऱ्यासमोर धरली आणि गाणं संपेपर्यंत खाली घेतली नाही.

पुरुषोत्तमांनी तिथेच उभं राहून निषेध नोंदवला. प्रेक्षकांनी त्यांना टाळ्या दिल्या. आपल्या ठेव्याबद्दल कुणी इतक्या कळकळीनं बोललं, की माणसाला भरून येतं. दुसऱ्या दिवशी परिषदेची तक्रार अल्बम ऐकवणाऱ्या कंपनीकडे पोचली आणि तिसऱ्या गाण्याखालची ओळ बदलण्यात आली: ‘परंपरागत. पाठबिघाड: विद्युलता राव.’ परिषदेच्या दप्तरातही तीच ओळ चढली; तिथं त्या गाण्याच्या नोंदीत तिचं नाव पहिल्यांदाच आलं.

‘अम्मा’चा शुद्ध पाठ मग दुसऱ्याच कुणीतरी व्हायोलिन लावून गायला आणि तो फार गाजला.

तुम्हीही तो ऐकलाय. गेल्या महिन्यात टी. नगरातल्या त्या लग्नात, मुलगी निघताना लावला होता, आणि तुम्ही रुमालानं डोळे टिपलेत. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना म्हणालात, “काय लिहून गेलीत जुनी माणसं! हल्ली जमतं का कुणाला असं?” त्या म्हणाल्या, “नाही जमत.” त्यांच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जुन्या पिढीचा मान म्हणून तुम्ही त्यांना वाकून नमस्कारसुद्धा केलात. नाव मात्र दोघांपैकी एकाचंही विचारलं नाहीत.