आषाढातला कूलर

तपासणीचे साहेब आल्याबरोबर हेडक्लार्क नानाजींनी खोलीच्या सगळ्या खिडक्या लावल्या आणि कूलर सुरू केला.

चामोर्शीकडच्या त्या जंगल कचेरीत मे महिन्यात याच कूलरपुढे बसायला भांडणं होत. आषाढात मात्र त्याला कोणी हात लावत नसे. हवा आधीच ओली. कूलर तिला आणखी भिजवतो आणि आतला माणूस वाफेवरच्या मुटक्यासारखा शिजतो. हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुण्याहून नव्याने आलेल्या साहेबांना नव्हतं, आणि नानाजींची सारी भिस्त त्यावरच होती.

साहेबांनी लवकर उठून जाणं जरुरीचं होतं. जप्तीचं थोडं सागवान रजिस्टरात होतं, पण आवारात नव्हतं. ते मागच्या रेकॉर्डरूममध्ये होतं, पलंग होऊन. नानाजींच्या मुलीचं, कांताचं, लग्न दिवाळीनंतर होतं. पलंग कधीच घरी गेला असता, पण आठ दिवस झाले तरी पॉलिश वाळेना.

अर्ध्या तासात बेत रंगात आला. साहेबांचा सदरा अंगाला चिकटला. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तांब्यालाही बाहेरून घाम फुटला. रजिस्टरची पानं एकमेकांना अशी बिलगली की सागवानाचं पान उघडेना. नानाजींनी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

साहेबांनी भिंतीवरचं थर्मामीटर पाहिलं. फक्त तीस. मग एवढं का उकडतंय, असं त्यांनी कूलरमध्ये बादली ओतणाऱ्या इसरू शिपायालाच विचारलं.

इसरूला बेत कोणी सांगितलाच नव्हता.

"हवेचं पोट पाण्यानं भरलं हाय साहेब," तो म्हणाला. "तुमचा घाम प्याले तिले जागाच नाई. त्यात हा कूलर तिले अजून पाणी पाजून राह्यला."

"मग बंद का करत नाही?"

"नानाजीभाऊनं लावला ना."

नानाजींनी घाईघाईने, साहेबांनी गडचिरोलीच्या विश्रामगृहावर आराम करावा, असं सुचवलं. साहेबही उठले.

"तितक्या दूर काऊन जाता?" इसरू म्हणाला. "मांगं रेकॉर्डरूम हाय. दोन्हीकून खिडक्या, मस्त वारा खेळते. झोपाले पलंगबी हाय."

नानाजींनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा साहेब पलंगावर आडवे होते. वारा खरंच खेळत होता. साहेबांना झोप लागली आणि दोन तास नानाजी दारात उभे राहून नोकरी, पेन्शन आणि व्याही, या तिघांचा मनोमन निरोप घेत राहिले.

साहेब जागे झाले. उठताना चर्र आवाज झाला. पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर तपकिरी पट्टे उमटले होते. त्यांनी बोटाने पॉलिश चाचपलं, वास घेतला.

"पलंग कोणाचा?"

"सरकारी, साहेब," नानाजी म्हणाले. दुसरं उत्तरच नव्हतं.

"रजिस्टरात आहे?"

"नाई."

"रजिस्टरात सागवान आहे, पलंग नाही. इथे पलंग आहे, सागवान नाही." साहेबांनी रजिस्टर मागवलं, ब्लेडने पान सोडवलं आणि सागवानापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'वाळवीने खाल्ले.' खाली सही केली.

नानाजींचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांनी इसरूला दोर आणायला पाठवलं. पलंग जीपच्या टपावर चढला. एक बाजू इसरूने उचलली, दुसरी नानाजींनी.

"पॉलिश जपून," साहेब म्हणाले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी नानाजींना खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"काय हो, ही तुमची वाळवी कपाटाएवढं लाकूड किती दिवसांत खाते?"