तीन भोकं म्हणजे केम

“एक पार्सल! एक पार्सल जरी चुकीच्या पोत्यात पडलं ना सिद्धव्वा, तर हे मशीन मी माझ्या हातानं भंगारात घालीन!”

शनिवारी सकाळी नऊ वाजता, चहाची कपबशी झेंड्यासारखी उंच धरून सोमलिंगअप्पांनी ही घोषणा केली. त्या घरातला हा शेवटचा साधासुधा दिवस आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना नाही, त्यांच्या लेकीला, सिद्धेश्वरीला नाही, आणि टेबलाखाली घोरत पडलेल्या कुत्र्याला, गुंड्याला तर नाहीच नाही.

“आज सातवा दिवस,” अप्पा म्हणाले. “सात दिवसांत एकही चूक नाही, तर मशीन कायमचं हितंच. ठरलंय ना?”

“ठरलंय अप्पा. पण संध्याकाळपर्यंत दम धरा. अजून केमचा टेम्पो जायचाय.”

साखर पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत सिद्धेश्वरीचं पार्सलचं दुकान होतं. चादरी, टॉवेल, शेंगाचटणी, कडक भाकरी, जे काही सोलापुरातून बाहेर जायला निघेल ते तिच्याकडे यायचं आणि तीन टेम्पोंतून तीन रस्त्यांना लागायचं. होटगी, करकंब आणि केम. मागच्या महिन्यात एका होटगीच्या लग्नाचा आहेर करकंबला उतरला. करकंबकरांनी तो सत्यनारायणाला वाटून टाकला! त्या दिवशी अप्पा उठले आणि मशीन बनवायला माळ्यावर चढले.

अप्पांचा अख्खा जन्म चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्याला भोकं पाडण्यात गेला होता. चादरीवर मोर कुठं काढायचा हे मागाला कसं कळतं? पुठ्ठ्यावरच्या भोकांवरून. सुई भोकात शिरली की दोरा उचलायचा, नाही शिरली की नाही. चाळीस वर्षं अप्पांनी मोर, कमळ, हत्ती नुसत्या भोकांतून चितारले. मग तीन गावं म्हणजे काय मोठी गोष्ट! प्रत्येक पार्सलच्या तोंडाला एक पुठ्ठा बांधायचा. एक भोक म्हणजे होटगी, दोन म्हणजे करकंब, तीन भोकं म्हणजे केम. पार्सल वरच्या फळीवर ठेवायचं, अप्पांनी खालून हँडल फिरवायचं, सुया पुठ्ठ्यावर टेकायच्या, खट्ट करून बरोबर झडप उघडायची आणि पार्सल पत्र्यावरून घसरत थेट त्या गावच्या जाळीच्या पोत्यात! ना वीज, ना कॉम्प्युटर. आवाज मात्र असा, की पहिल्या दिवशी समोरच्या सुंदरम्मा भूकंप समजून देवाला घेऊन रस्त्यावर आल्या.

अर्धं दुकान त्या मशीननं खाल्लं होतं. सिद्धेश्वरीला ते नको होतं. पण अप्पांना तोंडावर नको म्हणणं तिला जमायचं नाही आणि छान म्हणणं तर त्याहून जमायचं नाही. म्हणून ही सात दिवसांची अट. सहा दिवस तिनं चूक शोधली. मशीन चुकेना!

राहिला गुंड्या. गुंड्यानं पंधरा दिवसांपूर्वी एका चादरीच्या गोंड्यांची अख्खी किनार गिळली. डॉक्टरांनी पोट उघडून गोंडे काढले, नऊ टाके घातले आणि बजावलं, “ह्यानं टाके चाटले तर उसवतील. सोमवारपर्यंत जपा.” त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा घातला. गुंड्यानं तो एका दुपारी खाऊन टाकला. मग अप्पांनी मेण लावलेल्या कोऱ्या, जाड पुठ्ठ्याची गोल ताटली बनवली. ती घातल्यावर गुंड्या एखाद्या देवाच्या उत्सवमूर्तीसारखा दिसायचा. तो दारापाशी नुसता बसला तरी गिऱ्हाईक हात जोडायचं!

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. शुक्रवारी संध्याकाळी गुंड्या त्या ताटलीत जीभ काढून धापत होता. सोलापूरचं ऊन, त्यात मेण लावलेला पुठ्ठा. सिद्धेश्वरीला राहवेना. अप्पा आंघोळीला गेलेले पाहून तिनं ताटली सोडवली, अप्पांच्या भोकं पाडायच्या पंचखाली धरली आणि पाय दाबला. गळ्याला जरा वारा लागेल, एवढंच. पंचावर शेवटचं काम केमचं झालं होतं, म्हणून एका दाबात तीन भोकं पडली, एका ओळीत, सुरेख. तिनं ताटली परत बांधली. अप्पांना सांगितलं नाही. त्यांच्या कामाला दुसऱ्यानं हात लावला की ते दोन दिवस जेवताना भिंतीकडे बघायचे.

शनिवारी साडेदहाला केमचा माल लागत होता. अप्पा खाली पत्र्याच्या आडोशाला हँडलवर. सिद्धेश्वरी वर पार्सलं ठेवत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती आत गेली. फळीवर शेवटचं पार्सल होतं, शेंगाचटणीचं, डबा जरासा गळका. वास गुंड्यापर्यंत पोचला. सकाळच्या गोळीची गुंगी होती, पण चटणीपुढं गुंगी काय करणार! तो स्टुलावर चढला, स्टुलावरून फळीवर.

खालून अप्पांना फळी दिसायची नाही. त्यांनी हँडल फिरवलं. चटणी गेली. पुन्हा फिरवलं. सुया खाली आल्या, पुठ्ठ्यावर टेकल्या, एक, दोन, तीन शिरल्या. खट्ट! आणि गुंड्या पत्र्यावरून घसरगुंडी करत केमच्या पोत्यात, चादरींच्या मऊ गठ्ठ्यावर जाऊन पडला. तिथं त्याला इतकं बरं वाटलं की तो लगेच झोपला.

“झालं का अप्पा?” आतून सिद्धेश्वरीनं विचारलं.

“झालं! एक नंबर!” अप्पा म्हणाले.

टेम्पोवाल्या प्रभुनं पोत्याचं तोंड बांधलं, पोतं टेम्पोत चढवलं आणि गाडी हाणली.

बाराला फोन आला.

“म्याडम, प्रभु बोलतोय, मोहोळातनं. केमच्या पोत्यात काय घातलंय वो? भुंकतंय की!”

“भुंकतंय?” सिद्धेश्वरी पावत्या लिहीत होती. “खेळणं असेल कुणाचं तरी. सेलवरचं. गाडी हलली की बटण दाबलं जात असेल.”

“व्हय का? लई भारी खेळणं हाय. खऱ्यावानी वरडतंय!”

“चालवा तुम्ही.”

एक वाजता अप्पा गुंड्याची गोळी गुळात घालून निघाले. “गुंड्या! बा इल्ली!” ‘इकडं ये’ म्हणायचं तरी गुंड्याशी अप्पा कानडीतच बोलायचे. त्यामुळे त्याला मराठी ओ की ठो कळत नसे. टेबलाखाली गुंड्या नव्हता. माळ्यावर नव्हता. अप्पा गल्लीत हाका मारत फिरले. सुंदरम्मांनी स्वतःची पलंगाखालची पेटी उघडून दाखवली. हाका ऐकून दोन माणसं मात्र आली. एक वरच्या गल्लीतला टेलर गुंडप्पा, आणि त्याच्यामागं त्याची बायको, “काय केलं ह्यांनी?” म्हणत.

अप्पा घामाघूम होऊन परतले. चेहरा पार उतरलेला. “सिद्धव्वा, टाके ओले आहेत गं त्याचे. कुठं भांडला, कुठं पडला तर...”

आणि फोन वाजला.

“म्याडम, कुर्डुवाडीत हाय. त्या खेळण्यानं शेंगाचटणीचं पार्सल फोडलं! समदी खाल्ली. आन आता जीभ बाहेर काढून पानी मागतंय! बस म्हनलं तर बसत न्हाय, गप म्हनलं तर गप बसत न्हाय. मराठी कळतच न्हाय त्येला!”

सिद्धेश्वरीचं पेन खाली पडलं. अप्पांनी तिच्या हातातून फोन ओढला, स्पीकर लावला आणि ओरडले, “गुंड्या! कुंद्रु!”

कुर्डुवाडीतलं भुंकणं चटकन थांबलं.

“बसलं की!” प्रभु चकित झाला. “कशी भाषा हाय ही, काका?”

“खाली बस म्हणालो कानडीत. अरे प्रभु, ते खेळणं नाही, आमचा गुंड्या आहे तो! पोट बघ त्याचं. पण मला आधी सांग, तो केमच्या पोत्यात गेलाच कसा?”

“मला काय ठावं? गळ्यात पुठ्ठ्याचं ताट हाय. त्याला भोकं हायत. तीन.”

“तीन?” अप्पा म्हणाले. “तीन कशी असतील? मी तर कोरा पुठ्ठा...”

आणि ते थांबले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या डबीकडे गेला आणि परत आला. सिद्धेश्वरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. कॅलेंडरवर बघण्यासारखं काही नव्हतं.

“जुना पुठ्ठा आला वाटतं हातात,” अप्पा हळूच म्हणाले. “म्हातारा झालो. प्रभु, केमला पोच, पण त्याला तिथं सोडू नको. परत घेऊन ये.”

हे सोपं वाटलं ना? नव्हतं. प्रभु केमला पोचून पाणी प्यायला गेला, तेवढ्यात सारजाबाईंनी सवयीनं पोतं दुकानात ओढून घेतलं. सारजाबाईंचं स्टेशनाजवळ किराणा दुकान. केमची सगळी पार्सलं त्यांच्याकडे उतरायची. तीनला त्यांचा फोन आला.

“तुमचं कुत्रं मिळालं. पर ते कोनाचं हाय ते लिवलं न्हाय त्यावर.”

“सारजाबाई, ते आमचंच आहे. चुकून आलंय. परत पाठवा.”

“परत? न्हाय जमायचं. तुमीच बजावलं न्हवं, पावती असल्याबगर परत पार्सल द्यायचं न्हाय म्हनून? पावती धाडा.”

“अहो, कुत्र्याची कसली पावती!”

“पार्सल ते पार्सल. आन तसं बी, लई गुणाचं हाय. दोन भाकरी खाल्ल्या. ऱ्हाऊ द्या की हितंच.”

शेवटी सिद्धेश्वरीनं खरोखरीची पावती फाडली आणि फोटो काढून पाठवला. वस्तू: कुत्रा, एक. रंग: तांबडा. परतीचं कारण: या रकान्यापाशी तिचं पेन बराच वेळ अडलं. मग तिनं लिहिलं, ‘मशीनची चूक’.

अप्पा खांद्यावरून वाचत होते. मग चालूच असलेल्या फोनकडे वाकून म्हणाले, “बाई, तेवढे टाके मोजता का? नऊ हवेत.”

“मोजते की. ए, हालू नगं रं! एक, दोन... पाय काढ... सात, आट...”

सुंदरम्मा उंबऱ्यात देवाचं नाव घेत उभ्या.

“नऊ! नऊ हायत. समदे जागच्या जागी. चाटाया लई बघतंय, पर ते ताट आडवं येतंय की!”

अप्पांनी खुर्चीत अंग टाकलं आणि लहान पोरासारखे हसले.

सहा वाजता टेम्पो आला. गुंड्या ड्रायव्हरशेजारी, पुढच्या सीटवर, ताटलीसकट. प्रभु म्हणाला, “टोलनाक्यावर पावती मागितली न्हाय वो, नमस्कार केला!”

अप्पांनी गुंड्याचं पोट तपासलं, ताटलीच्या भोकांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठून मशीनपाशी गेले, पाना घेतला आणि हँडल काढून काउंटरवर ठेवलं.

“अट म्हणजे अट, सिद्धव्वा. भंगारवाल्या सिद्धरामला फोन करतो.”

“राहू द्या ना अप्पा आता.”

“नाही. चूक ती चूक.”

आता सांगावं, असं तिला वाटलं. ओठांपर्यंत आलं. मग ती म्हणाली, “जेवायला चला. भाकरी गार होतेय.”

रविवारी सकाळी चहा घेऊन गेली तर अप्पा उठले नाहीत. झोपेतच गेले होते. गुंड्या पलंगाशेजारी बसून होता.

सोमवारी टाके ठरल्याप्रमाणे निघाले. जखम इतकी सुरेख भरली होती की डॉक्टरांनी विचारलं, “ही ताटली कुणी बनवली?” सिद्धेश्वरीनं सांगितलं. डॉक्टरांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. “वाऱ्याला भोकं ठेवलीत, हे तर फारच छान.”

पंधरा दिवसांनी पुठ्ठ्यांच्या खोक्याशेजारी तिला अप्पांच्या चष्म्याची डबी सापडली. उघडली. चष्मा होता, आणि त्याखाली तीन टिकल्या. मेण लावलेल्या जाड पुठ्ठ्याच्या, पांढऱ्या, ताज्या भोकांतून पडलेल्या तीन गोल टिकल्या. पंचखाली टिकली पडलेली अप्पांना चालायची नाही. टिकली मागात गेली तर अख्खी चादर बिघडते, म्हणून कारखान्यातल्या सवयीनं ते रोज सकाळी जमीन झाडून टिकल्या उचलायचे. त्या शनिवारीही उचलल्या होत्या. टेम्पो निघायच्या आधी.

ती डबी हातात घेऊन बसली असतानाच दारात हातगाडी थांबली.

“ताई, मी सिद्धराम, भंगारवाला. काकांचा फोन आला हुता. गावाकडं गेलतो, म्हनून उशीर झाला. मशीन हाय म्हनं?” तो आत आला, मशीनभोवती फिरला, पत्र्यावर टिचकी मारली. “माल तर चांगला दिसतुया. का काढताय?”

सिद्धेश्वरीनं काउंटरवरचं हँडल उचललं, जागेवर बसवलं आणि पान्यानं घट्ट आवळलं.

“नाही काढायचं,” ती म्हणाली.

“आवं, पर काका म्हनले, मशीन चुकतंय!”

गुंड्यानं टेबलाखालून मान वर केली. समोरच्या खिडकीत सुंदरम्मा आल्या. सिद्धेश्वरीनं हँडल एकदा पूर्ण फिरवलं. सगळी गल्ली हादरली, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून ती ओरडली,

“मशीन कधीच चुकलं नाही, अप्पा! भोकं मी पाडली होती!”