बेवारस वायू

इस्त्रीकाकांच्या लॉन्ड्रीतल्या मोरीने एका सकाळी पेट घेतला. काकांनी सिगारेटसाठी काडी ओढली, मोरीच्या जाळीतून निळी ज्योत वर आली आणि त्यांची डावी भुवई घेऊन परत गेली. आगीने केलेलं नुकसान एवढंच. बाकीचं तक्रार केल्यामुळे झालं.

तक्रार पोचताच दुकानाला सील लागलं. अर्ध्या वस्तीचे कपडे आत अडकले. वायूचा स्रोत निश्चित होईपर्यंत दुकान उघडू नये, असा आदेश दारावर चिकटला. थोडक्यात, वायूचा बाप सापडेपर्यंत काकांच्या घरची चूल थंड.

"भुवई गेली तर गेली, तोंड कशाला उघडलंत?" काकू म्हणाल्या.

"अगं, उद्या दुकान उडालं असतं."

"मग आता काय राहिलंय?"

बाप व्हायला दोघे लायक होते आणि दोघेही कानांवर हात ठेवत होते. दुकानासमोरून गॅसचा नळ गेला होता. दुकानाखाली माती लोटून बुजवलेला जुना उकिरडा होता. "आमचा वायू शिस्तीचा आहे, मीटरमधून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही," गॅस खात्याचे साहेब म्हणाले. "उकिरडा आम्ही रीतसर बंद केलाय. बंद केलेल्या वस्तूतून काही निघणं नियमात बसत नाही," कचरा खात्याचे साहेब म्हणाले. वायूची नोंद 'बेवारस' अशी झाली.

शेवटी प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी मोरीतली हवा बाटलीत भरली आणि काकांना समजावून सांगितलं, "काका, दोन्हीकडचा वायू मिथेनच, पण त्यातला कार्बन दोन वजनांचा असतो, हलका आणि किंचित जड. कुजण्यातून निघालेल्या वायूत जड कमी असतो, नळातल्या वायूत त्याहून जास्त. प्रमाण मोजलं की कुणाचा ते कळतं."

"म्हणजे वजन बघून निकाल लागणार," काका म्हणाले. "मग यात नवीन शोध तो काय लागला?"

निकाल हलका आला. वायू उकिरड्याचा. गॅस खात्याच्या साहेबांनी सर्वांना चहा पाजला. कचरा खात्याच्या साहेबांनी तो शांतपणे घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "वायू कचऱ्याचा, मान्य. पण कचरा कुणाचा? खातं कचरा करत नाही, नुसता वाहतं. करणारे नागरिक."

ते खरं होतं. सबब संपूर्ण वस्ती सदर वायूची सामाईक पालक ठरली. प्रत्येक घराच्या मोरीतली हवा तपासावी आणि जिथे मिथेन सापडेल ते घर, लॉन्ड्रीच्या धर्तीवर, सील करावं, असा हुकूम निघाला.

कालपर्यंत "बाप शोधा" म्हणून घसा कोरडा करणारी वस्ती त्या संध्याकाळी काकांच्या ओट्यावर जमली. पुढे शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई होत्या.

"काका, ज्योत मोरीतूनच आली, हे नक्की?"

"भुवई काय मी उसनी दिलीय कुणाला?"

"इस्त्री तापलेली असेल. वयाप्रमाणे माणूस जरा जास्त वाकतो."

"मास्तरीणबाई, खाली अजून वायू आहे."

"असेल. पण आमची घरंही वरच आहेत. आणि तुमचं दुकान उघडायचं आहे ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी भुवई इस्त्रीने जळाल्याचं काकांनी कबूल केलं. दोन्ही साहेबांनी एकाच पेनने सही केली. सील निघालं.

प्रयोगशाळेतल्या बाई मात्र धावत आल्या. "काका, असं कसं म्हणालात? तो तिथेच आहे. हवं तर पुन्हा मोजते."

"मोजा की. बाई, तुम्ही राहता कुठे?"

"इथेच, मागच्या गल्लीत."

बाईंनी बाटलीचं बूच घट्ट फिरवलं. मग त्यांनी आत अडकलेला आपला पांढरा कोट मागून घेतला, हुंगला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

दुकान आता झकास चाललंय. काकांनी सिगारेट सोडली. दारावर पाटी आहे : 'आत काडी ओढू नये. कारण विचारू नये.' कपड्यांना किंचित वास येतो, पण गिऱ्हाईक समंजस आहे.

तुमच्याकडे काही वास येत नाही ना? मग उत्तम. फक्त खात्री करून घ्यायला काडी ओढू नका.