गहिनीनानाचा बा

मांजरसुंब्याच्या चौकात गहिनीनानाच्या टपरीवर चहा मागितला, की आधी तोंडी परीक्षा होते. गावच्या माणसाला नाही, फक्त परराज्यातल्या ट्रकवाल्याला. तो बिचारा कंबर मोडून गाडीतून उतरलेला असतो, आणि नाना गाळणी हवेत धरून विचारतो, "उस्ताद, तुमारे में बा बोले तो क्या?"

उत्तर आल्याशिवाय चहा गाळला जात नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान टपरीला लागून आहे. मी बी.ए. आहे. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. पण नाना म्हणतो, "बीए झालास आन् एवढं म्हाईत न्हाई? काय शिकवत्यात बे तुमाला?"

आपल्याकडं बा म्हणजे बाप, यात विचारायचं काय, असं मला वाटायचं. मग एक गुजराती ड्रायव्हर म्हणाला, "बा एटले मा." बा म्हणजे आई! नानानं गाळणी खालीच ठेवली. "आमचा बा मिशावाला, आन् तुमचा बा लुगड्यात? लई झालं हे!" मद्रासकडचा एकजण म्हणाला, आमच्यात बा नाही, 'वा' आहे, म्हणजे 'ये'. कानडीत 'ये'ला 'बा'च म्हणतात, म्हणून नानानं निकाल दिला, "हा कानड्याचा चुलतभाऊ. पास." एका सरदारजीनं मान हलवली. हमारे में तो कुछ नहीं. नानाला इतकं वाईट वाटलं की त्यानं चहाबरोबर बिस्किटाचा पुडा दिला. सरदारजी गेल्यावर मला म्हणाला, "एवढा मोठा मुलूख, आन् बा न्हाई रे!"

मग मीही इरेला पेटलो. मोबाईलवर शोधून सांगितलं, "नाना, व्हिएतनाममध्ये बा म्हणजे तीन. आणि चीनमध्ये आवाज वर धरून म्हटलं तर आठ, झटक्यात खाली आणलं तर बाप."

मला वाटलं, नाना हसेल. त्यानं 'बा' दोनदा वर, दोनदा खाली म्हणून बघितलं. गिऱ्हाईक बघत राहिलं. "म्हंजी सगळा खेळ लहेजाचा हाय," तो म्हणाला. "शबुद म्हाईत असून भागत न्हाई."

त्या दिवसापासून कर्नाटक पासिंगची गाडी थांबली की नाना स्वतः चहा घेऊन केबिनपर्यंत जायला लागला. ड्रायव्हर 'बा' म्हणायचा, मागोमाग नाना म्हणायचा. ड्रायव्हर हसायचा, पुन्हा म्हणायचा. इकडं भट्टीवर दूध उतू.

"नाना, एक अक्षर किती दिवस शिकणार?" मी वैतागून विचारलं.

"आरं, बोलावणं वाटलं पायजे, हुकूम न्हाई," नाना म्हणाला. "चिन्नी यायलीय सुट्टीला."

चिन्नी ही नानाची नात. नानाची एकुलती लेक संगी. तिनं ह्याच टपरीवर चहा प्यायला थांबणाऱ्या हुबळीच्या ट्रकवाल्याशी, बसवराजशी, लग्न केलं. नाना थोडा फुगला, मग लग्नात सगळ्यांच्या आधी नाचला. नानाची बायको आधीच गेलेली. संगी सासरी गेल्यावर घर रिकामं झालं. चिन्नी कानडीच बोलते. मागच्या दिवाळीत ती आली, तेव्हा नाना "ये की माझे बाय" म्हणून पुढं झाला की ती आईमागं दडायची. परत जाईपर्यंत एकदाही जवळ आली नाही.

"मग संगीलाच विचारायचं ना फोनवर, कसं म्हणायचं ते."

"इच्चारलं व्हतं. रडाया लागली. म्हणली, बा, तुमी येवढं कावून करता?"

अखेर बसवराजचा ट्रक आला. क्लीनरनं मागं उभं राहून हात हलवत, ओरडत तो टपरीशेजारी लावून घेतला. नानानं हात धुतले, टोपी झटकून पुन्हा घातली. संगी उतरली, तिच्यामागं चिन्नी. नाना दिसताच पोरीनं आईचा पदर धरला.

मी दुकानातून बाहेर आलो. बाकावरची गिऱ्हाइकंही उठली. नाना काय म्हणणार, ते सगळ्यांना माहीत होतं.

नानानं तोंड उघडलं. आणि मग जो आवाज आला, तो असा,

"बाऽऽ! बा, बा, बा, बाऽऽ!"

अख्खा चौक दणाणला. उजवा हात डोक्यावर, पंजा मागंपुढं हलतोय. माझ्या तेव्हा लक्षात आलं. नानाला शिकवणारे सगळे ट्रकवाले! त्यांनी हा शब्द गाडी मागं घेताना क्लीनर ओरडतो तसाच शिकवला होता. मी डोळे मिटले. आता पोरगी रडणार.

रडली नाही. डोकं बाहेर काढून तिनं नानाचा हात बघितला, आणि खुदकन हसली. ट्रकवाल्याचीच लेक ती. गर्रकन पाठ फिरवली, हवेतच स्टिअरिंग धरलं आणि "टीं टीं टीं" करत उलटी चालत निघाली. नाना "बा, बा" करत वाकला. तिची पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकली, तेव्हा क्लीनर ट्रकच्या फळीवर मारतो तशी त्यानं तिच्या पाठीवर हळूच थाप मारली. "बस, बस."

त्यानंतर पोरगी दिवसभर रिव्हर्समध्येच होती.

त्या दिवशी नानानं एकाही गाडीवाल्याची परीक्षा घेतली नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. भट्टीवर संगी होती. "बा, साखर कुठं ठिवली?" "बा, गाळणी?" हे चाललेलं. चौकात लहानथोर सगळे त्याला नाना म्हणतात, मीसुद्धा. बा म्हणणारं हे एकच तोंड, आणि ते हुबळीला असतं. मी बी.ए. झालेला माणूस, पण इतके दिवस एवढं काही डोक्यात आलं नव्हतं.

नाना समोरच बाकावर बसला होता, मांडीवर चिन्नी. कान चांगले तिखट आहेत त्याचे. पण पहिल्या हाकेला तो ओ देतच नव्हता.