गच्चीवरचे मारोतराव

मारोतराव भोयर म्हटलं की मला आधी त्यांचा अंगठा आठवतो, चेहरा नंतर.

लग्न होऊन मी छत्तीसगढात भिलाईला, कॅम्प-वनमधल्या आमच्या गल्लीत आले तो दिवस. दारात सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या, आणि मागे टेम्पोतून माझं लोखंडी कपाट उतरवणं चाललेलं. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "हल्लूऽऽ... हल्लूऽऽ..." मी पदर सावरत वर पाहिलं. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ कठड्याला पोट टेकवून उभे होते. त्यांनी तळहात जमिनीकडे करून हलवला, अंगठा डावीकडे नेला आणि एकदम मूठ आवळली. कपाटवाले जागच्या जागी थांबले. माप ओलांडायला उचललेला पाय तसाच हवेत ठेवून मीही थांबले.

"तुमाले कोनं थांबवलं, सूनबाई?" गृहस्थ वरून ओरडले. "तुमी या! कपाट थांबवलं मी."

अशी आमची ओळख झाली. गल्लीतल्या सगळ्या सुना त्यांच्या सूनबाई, त्यामुळे मला त्याचं विशेष कौतुक वाटण्याचं कारण नव्हतं. पण ती मूठ मात्र लक्षात राहिली.

मारोतरावांनी सगळी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवण्यात काढली. शेडच्या छताखाली, उंचावरच्या रुळांवरून फिरणारी क्रेन, तिला लटकलेली केबिन आणि केबिनीत एकटे मारोतराव. खाली इतका गोंगाट की बोलण्यात अर्थच नाही. खालचा माणूस हातांनी खुणा करणार आणि वरचा त्या बघून माल हलवणार. अंगठा वर म्हणजे उचल, तळहात खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे थांब. नोकरीभर ते दुसऱ्यांच्या खुणा पाळत आले. रिटायर झाले आणि खुणा करण्याची पाळी आपली आली असं त्यांनी ठरवून टाकलं. सकाळचा चहा झाला की गच्ची, जेवायला खाली, पुन्हा गच्ची. स्कूटर काढणारा, गॅसचं सिलिंडर आणणारा, वरातीचा घोडा, सगळ्यांना वरून साइड मिळायची. मागच्या गल्लीतली भाजीवाली बिसाहिनबाई तर त्यांची भाजी दोरीला बांधलेल्या बादलीत ठेवायची, आणि दोन वांगी व मेथीची जुडी "हल्लू हल्लू" करत वर जायची.

जेवतानाही तेच. गिरजाकाकू वरण वाढत असल्या की यांचा तळहात हलत राहणार, मग मूठ. "लग्न झालं तवापासून या मानसानं तोंडानं 'बस' म्हणलं नाही," काकू मला सांगायच्या. "एक दिवस मी तिकडं पाहूनच नाही रायली. ताट भरून वरण पाटावर आलं, तरी मूठ दाखवूनच रायले."

आणखी एक खोड म्हणजे ते माणसं टाळूवरून ओळखायचे. जन्मभर वरूनच पाहिलेली माणसं, दुसरं काय होणार? चेहऱ्यावरून त्यांचा नेहमी गोंधळ व्हायचा, पण वरून कधी नाही. माझ्या नवऱ्याचे केस विरळ होताहेत हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. "सूनबाई, विनोदचं डोस्कं मांगून खुलून राह्यलं. तेल-गिल लावा," अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला सांगितलं. विनोद महिनाभर टोपी घालून फिरत होता. "वरून सब दिसते," हे त्यांचं वाक्य.

आता मैदानाचं सांगते, कारण भांडण त्यावरून झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे. तिच्या पलीकडे मागची गल्ली, तिथं सगळी छत्तीसगढी घरं. एकेकाळी तिथं पोरं खेळत. मग आमच्या गल्लीतली पोरं मोठी झाली, पुण्याला आणि हैदराबादला गेली, आणि मैदानावर कचरा आला. आम्ही म्हणायचो मागच्या गल्लीवाले टाकतात, ते म्हणायचे पुढचे टाकतात. यापलीकडे दोन गल्ल्यांत बोलणं नव्हतं. शेवटी आमच्याच गल्लीतल्या किशोर गिऱ्हेपुंजेने गाडी घेतली आणि त्याला तोडगा सुचला. जागा साफ करू, सिमेंट टाकू, पार्किंग करू. गाडीवाली घरं लगेच तयार झाली. बिनगाडीवाल्यांनाही आपण गाडी घेणारच आहोत असं वाटायला लागलं.

आमच्या अंगणात सभा भरली. मारोतराव सभेला हजर होते, म्हणजे त्यांच्या गच्चीवर.

"मैदान मोकळं पायजे," ते वरून म्हणाले.

"कावून पायजे काका?" किशोर मान वर करून ओरडला. "पोट्टे हायेत का आता खेळायले?"

"पोळ्याले तान्हा पोळा भरवू. मैदान पोट्ट्यायनं भरलं त मैदान रायते. नाही भरलं त तुह्या गाडीले मी सोता साइड देईन."

किशोर हसला. त्याला हा सौदा फुकटात मिळाल्यासारखा वाटला. गल्लीत पोरं होती किती? माझी मुलगी धरून सहा-सात.

तान्हा पोळा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांचं कौतुक होतं, आणि आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल सजतात, त्यांचा हा पोळा. बैलाच्या पायाला चाकं, गळ्यात दोरी. आधी सगळे मैदानात जमतात, मग पोरं आपला बैल ओढत दारोदार जातात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ.

सफाई सुरू झाली ती मात्र झकास झाली, आणि त्याचं कारण मारोतरावांचं तोंड. कचरा कोणाचा यावर वाद होणार असं दिसताच त्यांनी वरून निकाल दिला. "किशोर, ते लाल पन्नी तुह्या घरची हाये. परवा अंधारात फेकली, मी उभाच होतो. बिसाहिनबाई, केळाचे सालपटं तुमचे. अन् सूनबाई, ते फुटकं मडकं..." मी घाईघाईने मडकं उचललं. सगळ्यांचीच अब्रू एकदम गेली, त्यामुळे कोणाला बोलायला जागा राहिली नाही. दोन्ही गल्ल्या मुकाट्याने घमेली घेऊन उतरल्या.

मैदानात एक जुना लोखंडी खांब आडवा पडलेला होता, अर्धा मातीत. तो काढायला सगळे लागले. मारोतरावांनी अंगठा दाखवला. आमच्या बाजूने उचलला, मागच्या गल्लीवाल्यांना वाटलं शाबासकी देताहेत, ते हसून उभे राहिले. मग त्यांनी मूठ दाखवली, ते मूठ पाहून जोरात भिडले आणि आम्ही सोडून दिलं. विनोदच्या पायाचा अंगठा तेव्हा थोडक्यात वाचला. शेवटी बिसाहिनबाईने सगळ्यांना खुणांचा अर्थ समजावून दिला. बादलीमुळे तिला तो पाठ होता. आठवड्याभरात दोन्ही गल्ल्यांना ही भाषा आली. आम्ही बाया एकमेकींना स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुठी दाखवायला लागलो. छत्तीसगढी, मराठी, हिंदी यांची गरजच पडेना.

मैदान साफ झालं, माती पसरली, हापशाला आणि कुंपणाच्या पाइपांना हिरवा रंग द्यायचं ठरलं. किशोरही राबत होता, बरं का. पैज जिंकली की जागा आयती साफ मिळेल असा त्याचा हिशेब होता. पोरांच्या कमतरतेवर मारोतरावांनी उपाय काढला. त्यांनी मागच्या गल्लीकडे तोंड करून हाक दिली, "बिसाहिनबाई! पोळ्याले सब पोट्टे घेऊन या! बैल घेऊन!"

"काबर चिल्लात हस बबा," बिसाहिन खालून म्हणाली, "हमन जानत हन." ओरडता कशाला आजोबा, आम्हाला ठाऊक आहे, असं.

आणि इथंच घोळ झाला. छत्तीसगढात पोळ्याला पोरा म्हणतात, आणि तो असतो अमावस्येला, आमच्या मोठ्या पोळ्याच्याच दिवशी, आणि पोरांचे मातीचे नंदिया बैल त्याच दिवशी फिरतात. आमचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं एकाच मैदानाच्या दोन बाजूंना राहिलो, पण हे ना त्यांनी आम्हाला विचारलं, ना आम्ही त्यांना.

अमावस्येच्या दुपारी हापशाला रंग देऊन विनोद ब्रश धूत होता. आमचे लाकडी बैल अजून कपाटांवर धूळ खात होते. माझी डाळ कुकरमध्ये होती. आणि मागच्या गल्लीतून पोरं यायला लागली. नवे कपडे, हातात दोरी, दोरीला मातीचे बैल. नुसती यायलाच लागली. मागच्या गल्लीतली, तिच्याही मागच्या गल्लीतली. दोन मिनिटांत ओल्या रंगावर हात पडले. मग हिरवे हात बैलांच्या शिंगांवर, एकमेकांच्या गालांवर, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या किशोरच्या पांढऱ्या गाडीवर.

"अरे, प्रोग्राम कल है!" किशोर धावत आला. "कल आना, कल!"

"पोरा त आज हे, काली थोरे हे," बिसाहिन म्हणाली, म्हणजे आजच, उद्या थोडाच. तिच्या कडेवर तिची नात होती. मागे आलेल्या बायांचे चेहरे उतरले. बोलावून परत पाठवताहेत असं त्यांना वाटलं, आणि कोणालाही वाटलं असतं.

मी वर पाहिलं. मारोतराव कठड्याशी उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात नुसते कठड्यावर होते. त्यांना कोणतीच खूण सुचत नव्हती. ही पोरं आज गेली तर उद्या येणार नव्हती, आणि उद्या आमच्या सहा-सात पोरांनी हे मैदान भरणार नव्हतं. त्यांचा तो चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. उचल!

त्यांना कळलं. "बैल काढा रे!" ते गरजले. "आजच भरवू! विनोद, तोरण! किशोर, गाडी मांगं घे, हल्लूऽऽ..."

मग गल्लीत जी धावपळ झाली ती विचारू नका. कपाटांवरून बैल खाली आले, फडक्याने पुसले गेले. पुरण व्हायचं होतं, पण करंज्या तळून झाल्या होत्या. मागच्या गल्लीतून ठेठरी-खुरमीची, म्हणजे त्यांच्या सणाच्या फराळाची, टोपली आली. किशोरने गाडी काढली आणि थेट जामुलला मेव्हण्याच्या अंगणात नेऊन ठेवली, तिथल्या सिमेंट कारखान्याच्या धुळीत. तिकडून तो ऑटोने परत आला आणि कोणाचं तरी पोर खांद्यावर घेऊन उभा राहिला. पार्किंगचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मैदान भरलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती. पण मारोतराव वरच होते.

"काका कावून नाही उतरत खाली?" मी गिरजाकाकूंना विचारलं. "सगळं त्यायनंच केलं ना."

काकू करंज्यांची परात धरून दारात उभ्या होत्या. त्या मैदानाकडेच बघत बोलल्या. "पोरबाळ नाही झालं आमाले, तुले मालूमच हाये. लग्न झालं त्याच वर्षी यायनं सोताच्या हातानं सागाचा बैल बनवला होता. पुढं लागन म्हणून. मंग गंज वर्षं वाट पायली. एका तान्ह्या पोळ्याले बैल बगलेत घेऊन एकलेच गेले मैदानात. सब लोकं आपापल्या पोराचं बोट धरून उभे. हे जरासे उभे रायले अन् वापस आले. कोनी काई म्हणलं नाही वं, कोनाची काई गलती नाही. पन तवापासून वरूनच पायते."

मी त्यांच्या हातातली परात घेतली, एवढंच.

तेवढ्यात बिसाहिनचा आवाज आला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी तिला तेव्हा वेळ नव्हता. तिची नात भोकाड पसरून रडत होती. "ए बबा! उतर तो! नोनी के बइला के चक्का निकल गे हे!"

नोनी म्हणजे त्यांच्याकडे लहान मुलगी; तिच्या बैलाचं चाक निघालं होतं. मारोतरावांनी वरून मूठ दाखवली. बिसाहिनने तिकडे पाहिलंच नाही. "जल्दी उतर ना!"

जिन्यावर चपला वाजल्या. मारोतराव खाली आले, सदरा उलटा घातलेला. गर्दीत ते जरा बावरले. सगळे चेहरे समोरून, त्यांना कोण कोण हे ओळखू येईना. मग ते सरळ मातीत बसले, खराट्याची एक काडी मोडून दातांनी टोकदार केली आणि मातीच्या पायात अलगद बसवली. चाक फिरलं. नोनीचं रडणं थांबलं. बिसाहिन तोवर ठेठरी वाटायला लागली होती. "घुमा के ले आ न बबा," ती पाठमोरीच म्हणाली.

ते उठले. नोनीने त्यांची करंगळी धरली, कारण तिच्या मुठीत तेवढीच मावत होती.

दोघं एकेक दार करत आमच्या दाराशी आली. मी त्या मातीच्या बैलाला कुंकू लावलं. दाराशी आलेल्या पोराला विचारायची पद्धत असते, तसं विचारलं, "कोणाचा गं हा बैल?"

नोनी लाजून त्यांच्या पायांमागे गेली. मारोतरावांनी बैलाची दोरी आपल्या हातात घेतली. मग घसा खाकरून म्हणाले, "आमचा हाये."

मी नोनीच्या ओंजळीत करंजी ठेवली आणि एक त्यांच्या हातावर ठेवली. मोठ्या माणसांना बोजारा देत नाहीत. त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला, आणि दोघं पुढच्या दाराकडे निघाली.