बंद खोलीतलं बार्बाडोस

हेमचंद्र आगाशे एकदा मनात घेतील ते तडीस नेतातच, असं रियाधच्या त्यांच्या बँकेत सगळे मानत. निदान स्वतः हेमचंद्र तरी तसं सगळ्यांना सांगत.

तर दोन वर्षांतून एकदा मिळणारी लांब रजा या खेपेला वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरच्या रिसॉर्टवर घालवायची, हे त्यांनी मनात घेतलं होतं. शालिनीताईंना मात्र गुहागरला माहेरी जायचं होतं. "समुद्र काय, आमच्या परसातून दिसतो," त्या म्हणत. वर्षभर मिनतवाऱ्या करून हेमचंद्रांनी त्यांना कसंबसं वळवलं, आणि नेमकं एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं. रजा रद्द झाली, पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, कपाटातच राहिले आणि रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली.

"युद्ध संपलं की आधी गुहागर," शालिनीताईंनी जाहीर केलं. "आईला तोंड नको दाखवायला?"

हेमचंद्रांचं धाबं दणाणलं. बार्बाडोस हातचं निसटत होतं! पण स्वस्थ बसतील तर ते आगाशे कसले? विषारी वायूच्या भीतीने तेव्हा घरोघरी एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद केलेली असे. त्याच खोलीत बायकोला बार्बाडोसची चव दाखवायची, म्हणजे ती आपणहून हट्ट धरेल. वाळवंटात वाळूला काय तोटा? दोन गोण्या आणून फरशीवर पसरल्या, वर चटई टाकली, भिंतीवर निळ्याशार समुद्राचं पोस्टर लावलं. ऊन हवं म्हणून कोपऱ्यात पंख्याचा भला मोठा हीटर आला.

शालिनीताई चटईवर टेकतात न टेकतात तोच सायरन झाला, आणि पाठोपाठ दारावर थापा. शेजारचे जमालुद्दीन, मूळचे दाभोळचे, बायकोपोरांना घेऊन उभे होते.

"वहिनी, आमच्या खोलीचं प्लास्टिक पोरांनी फाडलंय. घ्या आत."

दार बंद करून पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांनी सरकारने वाटलेले गॅस-मास्क चढवले. त्या गडबडीत कुणाचा तरी पाय हीटरवर पडला, बटण तुटलं आणि पंखा जो सुटला तो थांबेचना. प्लग कपाटामागे. दोन गोण्या वाळू हवेत! मास्क वायूसाठी वाटले होते खरे, पण उपयोगी पडले ते या बार्बाडोससाठी.

"भाऊ, खोली कुठून फुटली काय?" जमालुद्दीन मास्कमधून ओरडले. "सगळं वाळवंट आत शिरलंय!"

"फुटली नाय," त्यांची बायको आमिना म्हणाली. "वाळू आधीच पसरलेली होती. पोरं किल्ला बांधतायत बघा."

हेमचंद्रांनी कपाट ढकलून एकदाचा प्लग उपटला.

धोका टळल्याचा सायरन झाला. शालिनीताईंनी मास्क उतरवला, केस झटकले आणि शांतपणे विचारलं, "अहो, तिकडे असंच असतं का? असा उकाडा, केसांत वाळू, अंगाला अंग लावून दुसऱ्यांची बिऱ्हाडं?"

बायकोने विचारलं तरी, याचाच हेमचंद्रांना आनंद झाला. "अगदी हुबेहूब!" ते म्हणाले.

"मग झालं की आपलं बार्बाडोस. आता गुहागर."

"आणि खाडी ओलांडून दाभोळला आमच्याकडे जेवायला," आमिनाने लगेच आमंत्रण दिलं.

दोघी बोलत बाहेर गेल्या. हेमचंद्र झाडू शोधायला उठले.