उरलेलं उद्या

वसंतअण्णांच्या दुकानातून पूर्ण सामान घेऊन घरी गेलेला माणूस मी पाहिलेला नव्हता. तुम्ही चार वस्तू मागा, तीन मिळत. दहा मागा, नऊ मिळत. एकच मागितलीत तर अण्णा धर्मसंकटात पडल्यासारखे बघत, नाइलाजाने ती देत आणि वर म्हणत, "कोथिंबीर उद्या ताजी येणार हाय. येऊन न्या." कोथिंबीर तुम्ही मागितलेलीच नसायची.

बंगळूरच्या इंदिरानगरचा झगमगीत रस्ता सोडून आत वळलं की दोन गल्ल्यांनंतर एकदम नारळाची झाडं, वाळत घातलेल्या साड्या आणि आमची इमारत लागते. तिच्या समोरच अण्णांचं दुकान. खाली दुकान, वर त्यांची खोली. अण्णा मूळचे निपाणीकडचे. मराठी बोलता बोलता कन्नडात घसरायचे, कन्नड बोलता बोलता मराठीत, आणि चिडले की दोन्ही भाषा सोडून फक्त मान हलवायचे.

मी पुण्याची. आमच्याकडे दुकानदाराने "नाही" म्हटलं की विषय संपतो. "नाही"ला एक पवित्र अंतिमपणा असतो. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमची चकमक झाली.

"हळद न्हाई वैनी. उद्या येणार."

"अण्णा, तुमच्या डोक्यावर, देवाच्या फोटोखालच्या फळीवर पाकीट दिसतंय."

अण्णांनी वळून पाहिलं. एखादा लांबचा नातेवाईक अचानक दारात उभा राहावा तसं त्या पाकिटाकडे पाहिलं.

"ती व्हय? ती देवाची."

"आणि शेजारचा साबण?"

"तो पण देवाचा की ओ. देवाला आंघोळ नको काय?"

आता अशा माणसाशी काय भांडणार? मी साबणाविना, हळदीविना परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हा हळद मिळाली. पण मोहरी नव्हती.

मात्र अण्णांच्या या छळाला एक कडक नियम होता, आणि तो कळल्यावर मी त्यांना मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. सामान काढण्याआधी ते एक प्रश्न विचारायचे, "आज काय करणार?" मला आधी वाटायचं, चौकशा! पण नाही. तुम्ही पोहे म्हणालात की शेंगदाणे, मोहरी, हिरवी मिरची मुकाट्याने मिळत आणि रवा संपलेला असे. उप्पीट म्हणालात की रवा हजर, पोहे गायब. त्या दिवशीच्या स्वयंपाकाला लागणारी वस्तू त्यांनी कधीच अडवली नाही. जे अडायचं ते उद्याचं. "एवढं न्या, उरलेलं उद्या," हे त्यांचं पालुपद. शेजारच्या इमारतीतले मूर्ती सर, निवृत्त आणि एकटे, रोज सकाळी यायचे. त्यांची कॉफी पावडर मिळायची तेव्हा बिस्किटं नसायची आणि बिस्किटं असली की कॉफी. सरांनी एकदाही तक्रार केली नाही. ते फक्त "सरी, सरी, नाळे" म्हणजे "बरं, बरं, उद्या" म्हणत आणि तासभर दुकानासमोरच्या स्टुलावर बसत.

मग कोपऱ्यावर सुपरमार्केट उघडलं.

काचेचं दार, आत थंडगार हवा, ढकलायला गाडी आणि सगळ्यात भयंकर म्हणजे सगळं एका छपराखाली. मी गेले. का नाही जाणार? माणूस आहे मी. हळद आणि साबण आणि मोहरी एकाच दिवशी घेऊन, विजयी सेनापतीसारखी मागच्या गल्लीने घरी निघाले. मागच्या गल्लीने, कारण सेनापती शूर असला तरी समोरच्या गल्लीत अण्णा होते. पण अण्णा त्या दिवशी नेमके मागच्या गल्लीत गाईला भाजीचे देठ घालत उभे!

"सुपरमार्केटात गेलतासा काय?"

"हो... म्हणजे, सहज."

"सगळं मिळालं?"

"मिळालं."

अण्णांनी माझ्याकडे अशा कणवेने पाहिलं की मला वाटलं, डॉक्टरांनी यांना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय.

"मग झालं की," ते म्हणाले. "सगळं मिळालं म्हणजे संबंध संपला. आता तिथं महिनाभर जायला नको."

शत्रूची छावणी बघायला एके दिवशी ते स्वतःही गेले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. एक कंगवा घेतला. परत आले ते खुशीतच.

"वैनी, पोरगी चांगली हाय हां तिथली. माझा फोन नंबर मागितला."

"अण्णा, तो त्या सगळ्यांचाच मागतात."

"करेल की फोन."

आठवडाभर अण्णा हातात फोन धरून बसले. शेवटी एक संदेश आला, तेलाच्या डब्यावर सवलत असल्याचा. अण्णांनी तो मला दाखवला, मूर्ती सरांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. "आठवण ठेवली बघा," म्हणाले. आणि त्यांनी त्या संदेशाला उत्तरही पाठवलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का? बंगळुरात कुणालाही विचारावं असं. सुपरमार्केटने अजून कळवलेलं नाही.

हसायला येतं, पण त्या दिवसांत अण्णांचं दुकान ओस पडत चाललं होतं. स्टुलावर मूर्ती सर आणि दारात मी, एवढाच दरबार. निपाणीला दिलेली मुलगी फोनवर सारखी म्हणायची, बाबा, बंद करा ते आणि इकडे या. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा मुलीला सांगायचे, "येतो की. उद्या बघू."

आणि मग लॉकडाऊन लागला. त्या सकाळी गॅलरीतून मी जे पाहिलं ते नाटक मी तिकीट काढूनही पाहिलं असतं. सुपरमार्केटची रांग कोपरा ओलांडून पार आमच्या फाटकापर्यंत. खडूची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एकेक माणूस, जणू सगळ्या इंदिरानगरला शिक्षा म्हणून उभं केलंय. दारात एकजण कपाळावर यंत्र रोखून उभा. आत गेलेली माणसं रिकामी फळी पाहून बाहेर. फोनवरून सामान मागवणाऱ्यांना फोनच "नंतर प्रयत्न करा" म्हणत होता. आणि हळूहळू एकेक वर्तुळ फुटलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी आमच्या गल्लीत पाय ठेवला नव्हता ती सगळी मंडळी अण्णांच्या दारात! "अण्णा, तांदूळ!" "अण्णा, प्लीज!" काल ज्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं त्यांच्या तोंडी आज जन्माचं नातं.

मी मनात म्हटलं, आता बघा मजा. आता अख्खं इंदिरानगर "उरलेलं उद्या"च्या तावडीत सापडणार.

माझी पाळी आली. अण्णांनी दारात दोरी बांधली होती. तोंडाला मुलीच्या जुन्या ओढणीचा तुकडा. पहाटे टेंपोवाल्याला गाठून ते यशवंतपूरच्या बाजारातून माल घेऊन आले होते. त्यांनी माझी भलीमोठी पिशवी दोरीखालून पुढे सरकवली.

"सगळं हाय. घरी जाऊन बघा. आणि वैनी..."

"काय?"

"परत येऊ नका."

घरी येऊन पिशवी उघडली. तांदूळ, डाळ, तेल, मोहरी, हळद, साबण, गूळ. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. मागितली नव्हती ती कोथिंबीरसुद्धा होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अण्णांकडून माझी पिशवी पूर्ण भरून आली होती आणि मला मेलं रडू यायला लागलं.

दोन दिवसांनी राहवेना म्हणून खाली उतरले. दोरीच्या पलीकडून अण्णा ओरडलेच, "काय राहिलं?"

"काही नाही हो. सहज."

"सहज येऊ नका वैनी! सहज येण्यासारखे दिवस न्हाईत हे." मग आवाज खाली आला. "फोन नंबर द्या तुमचा."

त्यांनी तो सगळ्यांकडूनच मागितला. सुपरमार्केटातल्या पोरीची विद्या. फरक इतकाच, की अण्णांनी खरोखर फोन केले. संध्याकाळी शटर ओढलं की एकेकाला. "ऊटा आयता? आज काय केलं? मेथी? बरी झाली काय?" मूर्ती सरांना तर दोन वेळा. सरांची पिशवी ते स्वतः दाराशी ठेवून, बेल वाजवून, जिन्याखाली उभे राहायचे. सरांनी दार उघडून "सरी" म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत.

ते दिवस सरले. सुपरमार्केटच्या फळ्या भरल्या. आणि घरबसल्या सामान मागवायला आम्ही इतके सोकावलो, की आता कढईत तेल तापत ठेवून मोहरी मागवावी आणि तेल जळायच्या आत ती दारात यावी, असा जमाना आला. मुलं स्कूटरवरून अण्णांच्या दारासमोरून सुसाट जातात. मूर्ती सर पुतण्याकडे के. आर. पुरमला राहायला गेले. अण्णांचे फोन काही दिवस चालले, मग इमारतीत कुणीतरी म्हटलं, "ते दुकानवाले फार फोन करतात, नाही?" आणि ते कुणीतरी अण्णांना ऐकू येईल इतपत मोठ्याने म्हणालं असावं. फोन थांबले.

मी गेल्या महिन्यात यादी घेऊन गेले. अण्णांनी निमूटपणे एकेक वस्तू काढली. "आज काय करणार," विचारलंच नाही. सगळं पिशवीत भरून पुढे सरकवलं.

"अण्णा, काहीच नाही ठेवलंत?"

"सवय मोडली बघा." ते काउंटर पुसत राहिले. "पोरगी म्हणतेय, दिवाळीला बंद करून या. जावं म्हणतोय."

मी वर पाहिलं. देवाच्या फोटोखालची फळी रिकामी होती. हात धुवायच्या औषधाची एक बाटली तेवढी उभी.

"देवाचा साबण कुठे गेला?"

अण्णा हसले. मग फळीकडे न बघता म्हणाले, "लोकांस्नी वाटायचं, मी त्यांना खेळवतोय. शटर ओढून वर जाताना मी रोज ती फळी बघायचो, वैनी. हळद तुमची. बिस्किटं सरांची. म्हटलं, हे न्यायला तर उद्या कुणीतरी येणारच की. मग वर जाऊन झोप लागायची."

मी पिशवी उचलली, आणि उचलता उचलता गुळाची ढेप काढून काउंटरवर ठेवली. चालू लागले.

"वैनी! गूळ राहिला तुमचा!"

रंगमंचावरून निघताना मागे वळायचं नसतं, एवढं मला कळतं. मी तशीच हात हलवून ओरडले, "उरलेलं उद्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चिंचगुळाची आमटी ठरली होती. डाळ शिजून तयार होती. मी खाली गेले. ढेप देवाच्या फोटोखाली, फळीच्या बरोबर मधोमध बसली होती. बाटली खाली उतरलेली.

"अण्णा, माझा गूळ."

अण्णांनी ढेपेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"आज काय करणार?" त्यांनी विचारलं.

"उप्पीट," मी म्हटलं.

अण्णांनी मोठा श्वास सोडला.

"मग गूळ न्हाई," ते म्हणाले. "गूळ उद्या येणार."